सातव्या प्रसंगातली बाई

एकोणीसशे एकेचाळीसच्या फाल्गुनात कमळाकर दिघे शेणव्याला येऊन राहिला, तो काही हवापालटासाठी नव्हे. दादरच्या एका बोलपट कंपनीत तो सहा वर्षं कथा-संवाद लिहीत होता. लागोपाठ दोन बोलपट आपटले, आणि तिसऱ्याचं बाड मालकांनी, तात्यासाहेब लिमयांनी, लाल पेन्सिलीने रंगवून त्याच्यापुढे ठेवलं. पंधरा दिवस घ्या, म्हणाले. या खेपेला साधलं नाही तर तुम्ही दुसरी कंपनी बघा, आम्ही दुसरा लेखक बघतो. आवाज चढवला नव्हता, म्हणून ते अधिकच लागलं.

घरी दोन खोल्यांत बायको सरस्वती, दोन मुली, आणि भिंतीपलीकडे रियाज करणारा तबलजी. तिथे लिहिणं व्हायचं नाही. त्याच्या एका मित्राचा गवताचा व्यापार होता. शहापूर तालुक्यातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. शेणव्याच्या वखारीत शिमग्यानंतर चिटपाखरू नसतं, तिथे जाऊन राहा, असं मित्र म्हणाला. कमळाकर आसनगावला उतरला, टांग्याने शहापूरला आला आणि तिथून कुंडलिक गाडीवानाच्या बैलगाडीतून हाडं खिळखिळी करत शेणव्याला पोचला.

वखारीतले गठ्ठे निघून गेले होते, पण सुक्या गवताचा गोडसर वास भिंतींत मुरला होता. पुढच्या बाजूला कारकुनाची एक खोली आणि खोलीपुढे शेणाने सारवलेली लांब ओटी. ओटीसमोरून किन्हवलीवरून मुरबाडकडे जाणारा कच्चा रस्ता. मावळतीला माहुलीचे सुळके. दिवसभर कुठल्या ना कुठल्या शेतात पालापाचोळा पसरून राब भाजत असत, आणि त्याचा धूर उन्हात निळा होऊन लोंबत राही. वखारीची राखण देवजी करी. त्याची बायको धोंडूबाई, चाळिशीची, कमी बोलणारी, कमळाकरची भाकरी करी. लिहिणारा माणूस म्हणून दोघं त्याला मास्तर म्हणत.

तात्यासाहेबांनी उणिवांचा एक कागद बाडाला टाचला होता. गोष्ट दोन भावांच्या वाटणीची होती. थोरल्या भावाला नक्की हवंय काय, हे शेवटपर्यंत कळत नाही. पाटलापासून मोलकरणीपर्यंत सगळे एकाच तोंडाने बोलतात, तेही नाटकातल्यासारखं. अडचण आली की पाऊस येतो आणि सोडवून जातो. मधले पाच प्रसंग पाणी घातलेल्या आमटीसारखे. कमळाकर वाचत गेला आणि मनात कबूल करत गेला. माणूस खवट होता, पण खोटं बोलत नव्हता. शेवटची ओळ मात्र त्याला आठवेना, कशाबद्दल ती. ‘प्रसंग सातवा. लग्नघर. एक बाई पाणी मागते, ओटीवर बसते. पुढे पत्ता नाही. ही कोण? काढून टाका, नाहीतर पोचवा.’

त्याने सातवा प्रसंग काढून पाहिला. हिरवं लुगडं नेसलेली एक बाई रस्त्याने येते. काखेत गाठोडं, त्यातून लहान मुलाच्या अंगड्याची एक बाही बाहेर आलेली. तांब्याभर पाणी मागते, जरा बसू का विचारते, ओटीच्या कडेला रस्त्याकडे तोंड करून बसते. मग वरात येते आणि गोष्ट पुढे जाते. अक्षर त्याचंच होतं. का लिहिलं होतं, ते आठवत नव्हतं. गर्दी दाखवायला असेल, असं म्हणून त्याने पान बाजूला ठेवलं.

त्याची काम करायची रीत ठरलेली होती. प्रसंग मोठ्याने, सगळ्यांच्या तोंडचा, वाचायचा आणि किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं. पडद्यावरची मिनिटं कागदावरच धरावी लागतात, असं तो नवशिक्यांना सांगे. ओटीवर बसून तो वाचू लागला की धोंडूबाई सुपात तांदूळ घेऊन दाराशी बसे. दुसऱ्या दिवशी धाकट्या जावेचा एक लांबलचक संवाद ऐकून ती म्हणाली, असं कोनी बोलत नाय. मग कसं बोलेल, त्याने विचारलं. धोंडूबाई म्हणाली, ‘बोलायचीच नाय. भाकरी थापताना हात जरा जोरात आपटंल.’

कमळाकरने अर्धं पान खोडून ती एक ओळ लिहिली. सहा वर्षांत त्याला असं कोणी शिकवलं नव्हतं. त्यानंतर तो मुद्दाम तिला ऐकवू लागला. चार दिवसांत माणसं वेगवेगळ्या तोंडांनी बोलायला लागली, पाऊस हद्दपार झाला, आणि थोरल्या भावाला काय हवंय तेही सापडलं: त्याला वाटणी नको होती, फक्त कोणीतरी ‘तू राहा’ म्हणायला हवं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी सातवा प्रसंग आला. काढून टाकायचाच होता, पण एकदा कानावर पडू दे म्हणून त्याने वाचला. हिरवं लुगडं, गाठोडं, अंगड्याची बाही. ‘तांब्याभर पाणी द्या. जरा बसू का?’

सुपाचा आवाज थांबला.

धोंडूबाईने विचारलं, ही तुमाला कुनी सांगितली. कोणी नाही, मनानेच लिहिली, असं तो म्हणाला. ती सूप तिथेच टाकून घरी निघून गेली. संध्याकाळी भाकरी घेऊन देवजी आला. तो नजर वर करत नव्हता. ते पान पुन्हा मोठ्यानं वाचू नका मास्तर, एवढं म्हणाला, आणि कारण विचारलं तेव्हा बैलांना पाणी दाखवायचंय म्हणून गेला.

कमळाकर रागावला नाही. खेड्यात असं काहीतरी असायचंच, असं त्याने स्वतःला समजावलं. प्रसंगावर लाल रेघ मारली आणि सकाळी आठव्याला हात घातला. तोही ओटीवरचाच होता, दोघा भावांचा. त्याने वाचला, स्टॉपवॉच पाहिलं. तीन मिनिटं. शब्दांच्या हिशेबाने दोन मिनिटं दहा सेकंदांच्या वर जायला नको होता. पुन्हा वाचला. तीन मिनिटं. घड्याळ बिघडलं म्हणून दहावा, आतल्या खोलीतला प्रसंग वाचला. तो सेकंदाला बरोबर निघाला. ओटीवरचा प्रत्येक प्रसंग मात्र पन्नास सेकंदांनी लांबत होता.

धोंडूबाई आली होती, दाराशी न बसता आत चुलीजवळ बसली होती. ऐकलंत का, मी कुठे अडखळतोय का, त्याने विचारलं. अडखळत नाय, ती आतूनच म्हणाली. मधी थांबता तुमी. कोनी बोलून घ्यावं म्हनून थांबतात ना, तसं.

त्या दिवशी तिने ओटी सारवली. दुपारी ओटी वाळली तेव्हा कडेला, रस्त्याच्या बाजूला, एक जागा तशीच कोरी राहिलेली दिसली. हातभर रुंद. सगळीकडे बोटांच्या अर्धगोल रेघा, आणि त्या जागेशी येऊन रेघा वळलेल्या, जशा खांबाभोवती वळतात. ही जागा का ठेवलीत, त्याने विचारलं. धोंडूबाई बाहेर आली, पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

‘मी कुटं ठेवली?’ ती म्हणाली. ‘मी सगळी सारवली.’

मग ती खाली बसली आणि बोलली. अकरा वर्षांपूर्वी पलीकडच्या पाड्यात, तिच्या घरी, नणंदेचं लग्न होतं. वरात यायच्या वेळेला एक बाई रस्त्याने आली. हिरवं लुगडं, काखेत गाठोडं, पायाची टाच फुटलेली. पाणी मागितलं. ते धोंडूबाईने दिलं. जरा बसू का म्हणाली, धोंडूबाई बस म्हणाली. मग वाजंत्री आली. मुलाकडच्यांना ती मुलीकडची वाटली, मुलीकडच्यांना मुलाकडची. दिवस कलल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की ओटीवर नुसतं गाठोडं आहे. तिसऱ्या दिवशी मुरबाडहून एक माणूस विचारत आला: माझी भन सासरहून निघाली, घरी पोचली नाय, इकडं कोनी पाह्यली का. पाहुणे घरात होते, लग्नाची हळद अजून उतरली नव्हती. सासूने डोळ्यांनी खूण केली. ‘मी सांगितलं, नाय आली कोन. तिचं गाठोडं आमी राबात जाळलं. आत नवं अंगडं होतं. त्या मानसाला तेव्हाच पोर झालं होतं, ते मागून समजलं.’

तिचं काय झालं, ते गावात आजवर कोणालाच माहीत नव्हतं. विहिरी पाहिल्या, रान पाहिलं. काही मिळालं नाही. ‘मी तिला बस म्हनले, मास्तर. ऊठ कोनीच म्हनलं नाय.’

कमळाकर चिकित्सक माणूस होता. ही हकिगत आपण कधीतरी, कुठल्यातरी गाडीत ऐकली असेल आणि विसरलो असू, असं त्याने ठरवलं. तरी बाड घेऊन तो खोलीत गेला आणि आठव्यापासून पुढे वाचू लागला, या वेळी मनात. त्याला एक गोष्ट दिसली आणि दिसल्यावर मोडता येईना. सातव्यावर रेघ मारली म्हणून बाई गेली नव्हती. ती ओटीवर आली होती, तिला कोणी उठवलं नव्हतं, म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक प्रसंगात ती तिथेच होती. भाऊ भांडत होते ते तिच्या पाठीमागे उभे राहून. धाकटी जाऊ रडत होती ती तिच्या शेजारी. म्हणूनच ते सगळे आवाज खाली घेऊन बोलत होते. म्हणूनच मधले पाच प्रसंग आता पाणचट राहिले नव्हते. इतकं चांगलं त्याने कधी लिहिलं नव्हतं. तिला तसंच बसू द्यावं, असा विचार एक क्षण त्याच्या मनात आला, आणि त्या विचाराची त्याला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी तो कुंडलिकच्या गाडीतून मुरबाडला गेला. तो माणूस शोधायला फार लागलं नाही. कोंडू नाव, भात सडायच्या गिरणीत कामाला, पस्तिशीचा, पण मिशा अकाली पांढऱ्या. बहीण त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. नाव हौसा. कोंडूने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. धोंडूबाई खोटं बोलली होती, हेही कमळाकरने सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ते मला तेव्हाच कळलं होतं, ती माझ्याकडे बघत नव्हती. 

‘तुमी लिवलं तेव्हा ती तिथं येऊन बसली,’ कोंडू म्हणाला. ‘मंग हितवर आनायला तुमाला काय जड?’

ही गोष्ट आहे, कमळाकर म्हणाला. खरी माणसं अशी येत नाहीत.

‘आनून तर बघा.’

परतताना गाडीत त्याला तात्यासाहेबांचा शब्द आठवला, पोचवा. घरी सोडून येण्यालाही तोच शब्द आणि माणसाला शेवटचं नेण्यालाही तोच. त्याने पहिलाच धरायचं ठरवलं.

सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, त्याने तो प्रसंग लिहिला. बाई उठते. गाठोडं काखेला मारते. धोंडूबाईला विचारून त्याने वाट नीट घातली: किन्हवलीचं वळण, मोहाची झाडं, काळू नदीचा उतार, गुडघाभर पाणी. मुरबाडचा गिरणीमागचा रस्ता. भावाचं दार. ‘ती ओटीवर टेकते,’ असं लिहून त्याने पेन खाली ठेवलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

धोंडूबाई पदराने डोळे पुसत होती. ‘जा गो बाय,’ ती रस्त्याकडे बघून म्हणाली.

त्याने स्टॉपवॉच पाहिलं. सेकंदाला बरोबर.

धोंडूबाईने दुपारी पुन्हा ओटी सारवली. ती सगळीच्या सगळी वाळली, एकसारखी.

चौथ्या दिवशी कमळाकरने बाड बांधलं. कुंडलिक गाडी घेऊन आला तो निरोप घेऊन. मुरबाडचा कोंडू बोलावतोय, म्हणतो पोचली.

कल्याणची मोटार मुरबाडहूनही मिळत होती, म्हणून तो त्या वाटेने निघाला. कोंडूचं घर गिरणीमागे होतं. कोंडू आणि त्याची बायको जया अंगणात उभी होती, आणि दोघांपैकी कोणीही ओटीकडे पाठ केली नव्हती.

ओटीवर ती बसली होती. रस्त्याकडे पाठ, दाराकडे तोंड. हिरवं लुगडं. केस काळेभोर. धाकट्या भावाच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि थोरल्या बहिणीची मान पंचविशीतली होती.

‘तीन दिस झाले,’ कोंडू हळू आवाजात म्हणाला. ‘जेवत नाय. निजत नाय. पापनी हलवत नाय. बोलवलं तर वळत नाय. पुढं काय लिवलंय तुमी?’

कमळाकर म्हणाला, इथवरच लिहिलंय.

 कोंडूच्या बघण्यात राग नव्हता, मागणं होतं. ‘मंग लिवा ना,’ तो म्हणाला. ‘माझी भन हाय ती.’

कमळाकरने खिशातून पेन्सिल काढली. बाडाच्या पुठ्ठ्यावर कागद धरला. 

ती उठते. आत जाते. जेवते. मुलांजवळ निजते.

ओटीवर लुगडं सळसळलं.

ती उभी राहत होती. उभं राहताना माणूस अंग वळवतंच.

तिचा चेहरा आपण कुठेच लिहिलेला नाही, हे कमळाकरला तेव्हा आठवलं.

तो वळला आणि रस्त्याला लागला. मागून जयाचा एक बारीक आवाज आला, दचकल्यासारखा, आणि मग कोंडूचा, समजावणारा. तो थांबला नाही.

तात्यासाहेबांना बाड पसंत पडलं. त्या बाईचं काय केलंत, त्यांनी विचारलं. पोचवली, कमळाकर म्हणाला. मग ते तुकडे काढून टाका, लांबी वाढते, तात्यासाहेब म्हणाले. ते काढले. बोलपट बरा चालला, आणि कमळाकरची नोकरी राहिली.

दर सोमवारी तो मुरबाडला एक कार्ड टाकू लागला. सोमवारी पाणी भरते, दळते. मंगळवारी जयाबरोबर बाजाराला जाते. रोज जेवते, रोज निजते, पहाटे उठते. आठवडाभराचं आठवड्याला. पहिल्या महिन्यातच, डोळे मिटून, त्याने तिचा चेहराही लिहिला होता. साधा, कोंडूच्या वळणाचा. कोंडूला लिहिता येत नव्हतं. तिथल्या शाळामास्तरांच्या हातची दोन ओळींची उत्तरं येत. ठीक आहे. पोरं आत्या म्हणतात. जयाला मदत होते.

सरस्वतीच्या हाती एकदा कार्ड पडलं. ही हौसा कोण, तिने विचारलं. गोष्टीतली आहे, तो म्हणाला. सरस्वतीने सगळं वाचून काढलं आणि म्हणाली, राबते, जेवते, निजते; बिचारीला कधी हसवत नाही तुम्ही. त्याला ते खरं वाटलं. त्या आठवड्यात त्याने लिहिलं, गुरुवारी हसते. उत्तर आलं: गुरुवारी हसली. मध्यरात्र उलटेपर्यंत हसत होती. पुन्हा लिहू नये.

त्यानंतर तो जपून लिहू लागला. प्रत्येक कामाला सुरुवात आणि शेवट. निघते, तर परत येते. तीन वर्षांत त्याने एकही कार्ड चुकवलं नाही.

चव्वेचाळीसच्या श्रावणात तो विषमज्वराने पडला. त्या सोमवारी ताप एकशे तीन होता, तरी कार्ड त्याने लिहून पुरं केलं, असं त्याला पक्कं आठवत होतं. पुढचे अठरा दिवस त्याला काहीच आठवत नव्हते. शुद्धीवर आल्यावर सरस्वतीने उशाशी साठलेली पत्रं त्याच्या हातात दिली. मुरबाडचं कार्ड वर होतं.

‘स. न. वि. वि. आपल्या मागील कार्डात शेवटी “पाण्याला निघते” एवढेच होते. त्या दिवसापासून ती दारात उभी आहे. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. पोरे तिच्या हाताखालून ये-जा करतात, त्यांना सवय झाली. डोक्यावरची घागर आम्ही काल काढून घेतली. बोटे तशीच वर आहेत. कळावे.’